शतावरीच्या पाकिटावरची बाई

आमच्या शेजारच्या घरातली मुलगी आयर्लंडमध्ये नर्स आहे. एका रविवारी दुपारी तिने मला व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला आणि खाली विचारलं, "काकू, या मोठ्या काकूच ना?"

फोटो तिकडच्या एका दुकानातल्या फळीचा होता. फळीवर मातकट रंगाची कागदी पाकिटं ओळीने लावलेली होती आणि प्रत्येक पाकिटावर माझ्या मोठ्या जाऊबाईंचा चेहरा होता. मी तो बोटांनी मोठा करून पाहिला. चेहरा त्यांचाच, हसणंही त्यांचंच. पण केस पांढरेशुभ्र, कपाळावर लाल टिळा आणि गळ्यात रुद्राक्षांची माळ. मागे दाट जंगल आणि त्याच्याही मागे बर्फाचे डोंगर.

आमचं गाव चिखलीहून बुलढाण्याकडे येताना लागतं. इथून बर्फाचे डोंगर किती लांब आहेत ते मी सांगायला नको.

माझ्या जाऊबाईंना मी ताई म्हणते. त्या नांदुऱ्याच्या स्टेशनवर तिकीट खिडकीत नोकरीला होत्या. भासरे, म्हणजे त्यांचे यजमान, वारल्यावर त्यांनी मुदतीच्या आधीच निवृत्ती घेतली आणि गावी आल्या. कलप लावून केस काळे ठेवायचे, चष्मा पुसल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, मनगटावर घड्याळ हवंच, अशी ती बाई. आमच्या सासऱ्यांनी तरुणपणीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. ताईंच्या कपाळावर टिळा आणि गळ्यात रुद्राक्ष मी कधी पाहिला नव्हता. घरात बुद्धाच्या मूर्तीपुढे त्या रोज मेणबत्ती लावतात, तेवढंच.

आणि मी वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. करून बुलढाण्यात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. दर जूनमध्ये बोलावतील की नाही याची वाट पाहायची. त्याला कंटाळून मी शतावरी लावायचं ठरवलं. आमचं रान हलकं, निचऱ्याचं. त्यात ती चांगली आली. पुढे शेड बांधली, वाळवणीचं यंत्र आणि दळायची गिरणी आणली. शेडचा सगळा कारभार ताईंनी हातात घेतला. गावातल्या आणि वस्तीवरच्या बाया सोलणीला येऊ लागल्या. शतावरीच्या मुळ्या खणून आणल्या की धुवायच्या, थोडा वेळ उकळत्या पाण्यात ठेवायच्या, मग गरम असतानाच साल ओढून काढायची आणि मुळीच्या आतला चिवट दोरा खेचून टाकायचा. बोटांची कातडी पांढरी पडते, नखांच्या कडा निघतात. एवढं करून जी मुळी वाळते तिचीच पावडर परदेशात चालते. ओलावा, जंतू, फवारणीचे अंश, जड धातू, सगळ्याचे तपासणी अहवाल द्यावे लागतात. आम्ही ते दरवेळी दिले. आमचा माल कधी परत आला नाही.

माल घ्यायचे मुंबईचे एक निर्यातदार. ते तो युरोपातल्या एका कंपनीला पाठवायचे. एकदा त्यांनी एक फोटोग्राफर पाठवला. "शेडचे दोन-चार फोटो लागतात, तिकडच्यांना दाखवायला," असं फोनवर सांगितलं होतं. आम्ही खुशीत होतो. शेड झाडली, बायांनी बरे कपडे घातले. ताई नेहमीसारख्या साडीवर भासऱ्यांचा जुना फुल शर्ट घालून उभ्या होत्या, आमच्याकडे शेतात काम करताना बाया घालतात तसा. फोटोग्राफरने त्यांना शर्ट काढायला सांगितला. मग म्हणाला, चष्म्यावर उजेड चमकतोय, तोही काढा. त्यांनी काढला. हातात मुळ्यांची जुडी दिली आणि म्हणाला, हसा. त्या हसल्या.

आता तो फोटो माझ्या हातातल्या फोनवर होता. शेजारच्या मुलीला मी पाकिटाच्या मागच्या बाजूचाही फोटो मागितला. तिने एक पाकीट विकत घेऊन पाठवला. मी तो आधी एकटीने वाचला, आणि मग बराच वेळ ताईंकडे गेलेच नाही.

संध्याकाळी त्या स्वतःच आल्या. शेजारच्या घरून बातमी त्यांच्यापर्यंत गेली होती.

"काय छापलं म्हणे माह्याबद्दल? वाच."

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसून फोटो पाहिला.

"घड्याय कुठी गेलं माह्यं?" त्या म्हणाल्या. मनगटावरून घड्याळ पुसून टाकलं होतं. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मग मी मागचा मजकूर वाचला. इंग्रजीत होता, मी मराठीत सांगत गेले. ही आजी जंगलात राहते. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण ती वनस्पतींशी बोलते. तिच्या आजीच्या आजीपासून चालत आलेलं पवित्र ज्ञान तिच्यापाशी आहे. इथे मी थांबले.

"आणखी असन ना," ताई म्हणाल्या.

"तेच ते आहे, ताई."

"वाच वं."

शेवटचं वाक्य असं होतं: तिच्या हातच्या शतावरीने गावातल्या कित्येक बायकांची कूस उजवली, असं तिथल्या बायका सांगतात.

ताईंना मूल झालं नाही. हे मला सांगावंसं वाटत नाही, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि लिहायला त्यांनीच सांगितलं आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांची सगळी डॉक्टरं करून झाली होती, अकोल्याची, नागपूरची. सासूबाई रोज सकाळ-संध्याकाळ त्यांना दुधातून शतावरी द्यायच्या. कित्येक वर्षं दिली. शेवटी शेवटी दुधाच्या वासानेच त्यांना मळमळायचं, तरी त्या पेला रिकामा करायच्या. माझ्या डोहाळजेवणाला त्या ओटीचं ताट घेऊन पुढे आल्या तेव्हा एका नातेवाईक बाईने ते ताट त्यांच्या हातातून हळूच काढून घेतलं. ताई आत गेल्या आणि पंगतीच्या पुऱ्या तळत बसल्या. म्हणून शतावरी लावायचा विषय मी त्यांच्यापुढे काढताना चाचरत होते. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मुई हाये ती. तिच्यावर काय राग धरायचा?"

त्या दिवशी मजकूर ऐकून त्या उठल्या आणि शेडमध्ये जाऊन वाळवणीचे ट्रे हलवू लागल्या. राग मला आला होता, त्यांना काय वाटत होतं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी मी मुंबईला फोन लावला.

"मॅडम, पॅकिंग आम्ही ठरवत नाही," निर्यातदार म्हणाले. "ते तिकडची कंपनी ठरवते."

"फोटो तुम्हीच दिलात ना?"

"फोटो तुम्हीच काढू दिलात."

"शेडचा म्हणून. त्यावर टिळा काढा, माळ घाला असं कोण म्हणालं होतं? त्या बौद्ध आहेत. रेल्वेत नोकरी केलेली बाई आहे आणि तुम्ही छापता की तिला लिहिता-वाचता येत नाही?"

"आम्ही नाही छापलं. आणि हे बघा, तिकडचा माणूस नुसती पावडर घेत नाही. त्याला तिच्या मागे काहीतरी हवं असतं. तिकीट खिडकीवरच्या बाईची शतावरी कोण घेणार, तुम्हीच सांगा."

"आणि मूल होतं असं लिहिलंय. तपासणीच्या कुठल्या अहवालात आहे ते?"

"मूल होतं असं कुठे लिहिलंय? गावातल्या बायका सांगतात, असं लिहिलंय. त्यात कायद्याने काही चूक नाही."

मी फोन ठेवून दिला, पण संताप जाईना. ओलाव्यासाठी माझा माल दोनदा तपासणारी माणसं ही. एक केस सापडला तरी गोणी बाजूला काढतात. आणि चेहऱ्याच्या खाली वाटेल ते लिहायला यांना कुणाचा अहवाल लागत नाही.

थोड्या दिवसांनी त्यांचा आपण होऊन फोन आला. आवाज एकदम गोड. त्या कंपनीच्या मालकीणबाई भारतात येताहेत, त्यांना आमची शेड पाहायची आहे आणि मुख्य म्हणजे आजींना भेटायचं आहे. सोबत कॅमेरा असेल. त्यांना आवडलं तर पुढच्या सगळ्या वर्षांचा माल आमच्याकडूनच. मग त्यांनी सूचना सांगायला सुरुवात केली. आजींनी नऊवारी नेसावी. तोपर्यंत कलप लावू नये. चष्मा नको. इंग्रजी तर अजिबात बोलायचं नाही, हिंदीही शक्यतो नको. "आणि मॅडम, लहान मुलं असलेल्या दोन-चार बाया शेडमध्ये बसवून ठेवा. मुलं मांडीवर असली तर फारच छान."

मी फोन ठेवला आणि सरळ शेडकडे निघाले.

शेडमध्ये मी हे सगळं सांगितलं. लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता. माल बंद झाला तर काम त्या बायांचंच जाणार होतं. सोलणीतली सगळ्यात जुनी बाई आणि तिची सून, दोघी आमच्याकडे कामाला होत्या. ती जुनी बाई म्हणाली, "ताई, एका दिवसाचं तं काम हाये. गणपतीत पोरं नाटक करतेत तसं समजा. फोटोच तं हाये."

"तुह्या सुनेले बसवशीन का पोरगं मांडीवर घेऊन?" ताईंनी विचारलं. "माह्या शतावरीनं झालं म्हून?"

ती बाई खाली पाहून साल ओढू लागली. मग म्हणाली, "काम गेलं तं चिखलीले गाडीनं जा लागन रोज. तुम्हाले काय." यात तिचं काही चुकलं नव्हतं. तिला असं बोलायची वेळ यावी, याचाच मला राग आला.

मला वाटलं ताई नकोच म्हणतील. त्या म्हणाल्या, "येऊ द्या त्याहीले."

पाहुणे आले ते संभाजीनगरच्या विमानतळावरून मोठी गाडी करून. त्या दिवशी सकाळीच ताईंनी नवा कलप लावला होता. सहावारी सुती साडी, त्यावर शर्ट, चष्मा, घड्याळ. निर्यातदार गाडीतून उतरले आणि ताईंना पाहून त्यांचा चेहरा पडला. माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "मी काय सांगितलं होतं तुम्हाला?" मी त्यांना पाणी दिलं.

मालकीणबाई पन्नाशीच्या, उंच, उन्हाने लाल झालेल्या. बाई वाईट नव्हत्या, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. वाईट असत्या तर सोपं गेलं असतं. त्या ताईंसमोर आल्या, हात जोडले आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावू लागल्या. कॅमेरावाला बाजूने टिपत होता. ताई मागे सरकल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "प्लीज बसा. पाणी घ्या. प्रवास कसा झाला?"

मालकीणबाईंनी निर्यातदारांकडे पाहिलं. ते म्हणाले, "थोडं थोडं शिकल्यात."

"पंचवीसेक वर्षं तिकिटं दिली मी," ताई म्हणाल्या, इंग्रजीतच, रेल्वेतलं मोजकं इंग्रजी. "नांदुरा स्टेशन. मुंबई-हावडा लाइन."

मग त्यांनी शेड दाखवली. कढई, वाळवणी, गिरणी, अहवालांची फाइल. बाया सोलत बसल्या होत्या. मांडीवर मूल घेऊन कुणी आलं नव्हतं, जुन्या बाईची सूनसुद्धा नाही. सगळं पाहून झाल्यावर ताईंनी टेबलावर ते पाकीट ठेवलं. शेजारची मुलगी सुट्टीला आली तेव्हा घेऊन आली होती. पुढचं बोलणं त्यांनी मराठीत केलं आणि मला म्हणाल्या, "जसंच्या तसं सांग त्याहीले. मऊ करू नको."

मी सांगितलं. ताई जंगलात राहत नाहीत. या वैद्य नाहीत. हा टिळा, ही माळ यांची नाही, आणि ते का नाही, हेही सांगितलं. मालकीणबाईंचा चेहरा उतरत गेला. त्या खरोखर ओशाळल्या होत्या. म्हणाल्या, आम्हाला हे असंच सांगण्यात आलं होतं. निर्यातदार मोबाइलमध्ये पाहत राहिले.

"आता शेवटचं वाक्य," ताई म्हणाल्या. "त्याहीले सांग, ही मुई मी खाल्ली. जवानी गेली खाण्यात. माह्या सासूनं मोठ्या मायेनं दिली, मी मोठ्या आशेनं खाल्ली. मले लेकरू झालं नाही. तिकडं कोणी बाई माह्या तोंडाकडं पाहून हे पाकीट घेत असन, रोज दुधात घालून पेत असन. तिनं काऊन माह्या नावानं आस लावून बसावं?"

मला सगळं एकदम सांगता येईना. तुकड्या तुकड्याने सांगितलं. शेडमध्ये साल ओढायचा आवाज थांबला होता. या बायांना ताईंचं सगळं माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं.

मालकीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ताईंचा हात हातात घेतला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. मला वाटलं, समजलं यांना. एवढ्या लांबून येऊन एका बाईला दुसऱ्या बाईचं कळलं, तर बाकी सगळं विसरायला मी तयार होते.

मग त्या डोळे पुसत म्हणाल्या, "हे किती हृदयाला भिडणारं आहे. ज्या मुळीने तिला मूल दिलं नाही, तीच ती दुसऱ्या बायकांसाठी पिकवते. ही खरी गोष्ट आहे. आधीच्यापेक्षा कितीतरी खरी. आम्ही ही सांगू शकतो का?"

कॅमेरावाल्याने कॅमेरा ताईंच्या चेहऱ्यावर आणला.

हे मराठीत सांगायची मला लाज वाटली. सांगावं लागलंच नाही. ताईंना समजलं होतं. त्यांनी आपला हात सोडवून घेतला.

"नो," त्या म्हणाल्या.

मालकीणबाई समजावू लागल्या. टिळा काढू, माळ काढू, चष्मा राहू दे, हवं तर रेल्वेचंही लिहू. नफ्यातला वाटा गावाच्या शाळेला देऊ. ताई उठल्या, बायांच्या ओळीत जाऊन बसल्या आणि एक मुळी उचलून सोलायला लागल्या. मी पाहुण्यांना चहा दिला. चहा कुणी संपवला नाही.

जाताना निर्यातदार मला म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही तरी समजवायला हवं होतं. एका फोटोपायी एवढ्या बायांचं काम घालवलंत." काम कुणी घालवलं हे त्यांना विचारायला मी तोंड उघडलं, पण गाडीची काच वर गेली होती.

पुढच्या हंगामाला त्यांची मागणी आली नाही. माल पोत्यांत पडून राहिला. सोलणीच्या अर्ध्या बाया दुसरीकडे कामाला जाऊ लागल्या. ती जुनी बाई आणि तिची सूनही गेल्या. रस्त्यात भेटल्या की बोलायच्या, पण पूर्वीसारख्या नाही. मी जागोजागी नमुने पाठवत राहिले. अखेर नाशिककडच्या एका औषध बनवणाऱ्या कारखान्याने थोडा माल घेतला, मग दुसऱ्या देशातल्या एका लहान व्यापाऱ्याने. त्या व्यापाऱ्याने फक्त अहवाल मागितले आणि गोणीवर पिकाचं नाव, जिल्हा आणि काढणीचा हंगाम लिहायला सांगितला. फोटो मागितला नाही. शेड पुन्हा चालली, पण पूर्वीएवढी नाही. जुनी बाई यंदा परत आली. सून नाही आली.

त्या कंपनीच्या पाकिटावरून ताईंचा चेहरा निघाला, पण फार उशिराने. छापलेली पाकिटं संपेपर्यंत त्यांनी ती विकली, हे शेजारची मुलगी कळवत होती. मग एके दिवशी तिने नव्या पाकिटाचा फोटो पाठवला. तेच जंगल, तेच बर्फाचे डोंगर. मजकूर जवळजवळ तोच, शेवटच्या वाक्यासकट. त्यावर दुसरी कुणी म्हातारी हसत होती. पांढरे केस, कपाळावर लाल टिळा.

ताईंनी चष्मा पुसला आणि फोटो खूप वेळ पाहिला. कानातले दागिने पाहिले, लुगड्याचे काठ पाहिले.

"कुठली असन वं ही?"

"काय माहीत, ताई."

"हिले तरी मालूम असन का?"

त्यांच्या हातातल्या फोनवर मी तो चेहरा बोटांनी मोठा केला.

"लिही त्याहीले," त्या म्हणाल्या. "विचार, कोण हाये म्हणा ही बाई. इचारून छापलं का तिले."

मी कंपनीला ई-मेल केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आमच्या उत्पादनात रस दाखवल्याबद्दल मनापासून आभार, आणि पुढच्या खरेदीवर सवलत.

मी ते ताईंना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पुन्हा लिही."

मी पुन्हा लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. दर महिन्याला ताई विचारतात, लिहिलं का, आणि मी लिहिते.